बडोद्याच्या मे महिन्यात आगगाडीचा केक

प्रश्न बडोद्याच्या मांजलपूर भागातल्या एका आईचा आहे. त्यांच्या मुलाला मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात, शनिवारी, तीन वर्षे पूर्ण होतात. प्रतापनगरला जुने नॅरोगेज इंजिन पाहिल्यापासून त्याला दुसरे काही सुचत नाही, म्हणून केक आगगाडीचाच हवा. घरात अंडे चालत नाही, ओटीजी, म्हणजे केक भाजायची विजेची छोटी भट्टी, २८ लिटरचा आहे, पाहुणे लहानमोठे धरून चाळीसच्या आसपास आहेत आणि फॉन्डंटला, म्हणजे लाटून केकवर चढवायच्या साखरेच्या लगद्याला, त्यांनी आजवर हात लावलेला नाही. हे घरी जमेल का, आणि जमणार असेल तर सुरुवात कुठून करावी, असे त्यांनी विचारले आहे.

जमेल. दांडिया बाजारातल्या माझ्या स्वयंपाकघरात मी गेली बावीस वर्षे मुलांचे केक करते आहे आणि त्या अनुभवावर सांगते, की असे केक सजावटीत फसत नाहीत. ते फसतात त्याच्या दोन दिवस आधी, जेव्हा आपण मोठा चौकोनी केक भाजून त्यातून सुरीने इंजिन कोरून काढायचे ठरवतो आणि केक कापायच्या वेळी बाहेर चाळीस अंशांच्या वर उकाडा असणार आहे हे विसरतो. बिनअंड्याचा केक कोरण्यासाठी नसतोच. अंड्यामुळे केकला जी ताठ बांधणी मिळते ती त्यात नसते; सुरी वळवली की कोपरा ढासळतो, चुरा सुटतो, आणि तो चुरा लपवण्यासाठी थापलेल्या क्रीमच्या वजनाने उरलेला भागही खचतो. म्हणून आकार कोरू नका, तो मांडा. सरळ कापलेले चार-पाच तुकडे एकमेकांवर नीट बसवले की त्यांचे इंजिन होते, कारण खरे इंजिनही मुळात एक पाटा, त्यावर एक आडवे पिंप आणि मागे एक खोके एवढेच असते.

तीन वर्षांच्या मुलाच्या नजरेनेही थोडे पाहावे. त्याला इंजिन ओळखू येते ते धुराड्यावरून, मोठ्या चाकांवरून आणि पुढच्या गोल तोंडावरून. या तीन गोष्टी ठसठशीत असतील, तर खिडक्यांच्या चौकटी, पायऱ्या आणि दांडे नसले तरी त्याचे काही अडत नाही. आणि या तीन गोष्टी बारीक राहिल्या, तर बाकीची कलाकुसर फक्त आत्या आणि मावश्याच पाहतात. आपल्या भागात नमुन्याला तोटा नाही. डभोई ते मियागाम ही गायकवाडांची नॅरोगेज गाडी १८६२ साली सुरू झाली तेव्हा ती ओढायला चक्क बैल होते, इंजिने नंतर आली. पुढे त्या रुळांवर धावलेली ती आखूड, उंच धुराड्याची, काळी इंजिने केकसाठी फार सोयीची आहेत, कारण त्यांचा रंग चॉकलेटनेच साधतो. काळा खायचा रंग घालून केलेले क्रीम कडवट लागते आणि दुसऱ्या दिवसापर्यंत मुलांच्या जिभा काळ्या ठेवते. तो प्रकार इथे आपोआप टळतो.

केक भाजण्याआधी एक काम करा: फ्रिजचे दार उघडून कप्प्याची लांबी, खोली आणि उंची टेपने मोजा. पहिल्या वर्षी मी साठ सेंटिमीटर लांबीच्या फळीवर सबंध गाडी सजवली आणि रात्री अकरा वाजता लक्षात आले, की ती आमच्या फ्रिजमध्येच काय, वाड्यातल्या एकाही फ्रिजमध्ये मावत नाही. आगगाडीचा मोठा फायदा हा, की ती मुळातच तुकड्यांची असते. इंजिन एका फळीवर आणि डबे दुसऱ्या फळीवर ठेवा. दोन्हींची जोडणी टेबलावर, शेवटच्या पंधरा मिनिटांत करा. सुताराकडे उरलेले प्लायवूडचे तुकडे मिळतात. एक २५ बाय १५ सेंटिमीटरचा आणि एक ४५ बाय १५ सेंटिमीटरचा घ्या, त्यांना अॅल्युमिनियम फॉइल आणि वरून बटर पेपर लावा. दुसरा तुकडाही फ्रिजमध्ये मावत नसेल तर डब्यांसाठी दोन फळ्या करा.

आता केक. बिनअंड्याच्या दोन पद्धती घरोघरी आहेत. दही, तेल आणि सोड्याचा केक हलका आणि ओलसर होतो, नुसता खायला मला तोच अधिक आवडतो, पण त्याच्यावर दुसरा तुकडा ठेवला की तो दबतो. इंजिनासाठी कंडेन्स्ड मिल्कचा केक करा; तो थोडा घट्ट असतो आणि थंड झाल्यावर स्वच्छ कापला जातो. एका घाण्याला मैदा २५० ग्रॅम, कंडेन्स्ड मिल्क ४०० ग्रॅम, बिनमिठाचे लोणी १२० ग्रॅम, कोमट दूध २०० मिलिलिटर, बेकिंग पावडर एक चहाचा चमचा, खायचा सोडा अर्धा चहाचा चमचा, व्हिनेगर एक मोठा चमचा आणि व्हॅनिला, एवढे लागते. असे दोन घाणे करायचे आहेत. वाटीच्या मापावर जाऊ नका, काटा वापरा. मैदा वाटीत दाबून भरला की सैल भरला, यावर केक कोरडा होणार की मऊ, हे ठरते.

लोणी आणि कंडेन्स्ड मिल्क फिकट होईपर्यंत फेटा, मैदा, पावडर आणि सोडा दोनदा एकत्र चाळून घ्या, आणि मैदा व दूध आळीपाळीने थोडेथोडे घाला. मैदा पडल्यावर हात हलका ठेवावा, कारण फार घोटले की तो चिवट होतो, आणि अंडे नसल्यामुळे ते चिवटपण लपत नाही. व्हिनेगर अगदी शेवटी घाला. ते सोड्याला भेटताच बुडबुडे सुटू लागतात आणि तेच बुडबुडे केक फुगवणार असतात, म्हणून त्यानंतर फोन आला तरी मिश्रण ओट्यावर ठेवून जाऊ नका. ओटीजी आधीच तापलेला हवा.

पहिल्या घाण्यातले मिश्रण दोन प्रकारच्या भांड्यांत जाईल. इंजिनाच्या बॉयलरसाठी खास साचा शोधण्याची गरज नाही. घरातले सरळ बाजूंचे स्टीलचे दोन पेले घ्या, ज्यांचे तोंड साधारण सात सेंटिमीटर असेल. त्यांना आतून लोणी लावा, मैदा भुरभुरवा, तळाशी बटर पेपरची गोल चकती ठेवा आणि निम्मेच भरा. त्याहून जास्त भरलेत तर केक वर येऊन टोपीसारखा पसरतो आणि काढताना तुटतो. उरलेले मिश्रण १८ सेंटिमीटरच्या चौकोनी टिनमध्ये घाला. २८ लिटरच्या ओटीजीत टिन आणि त्याच्या बाजूला दोन्ही पेले एकाच जाळीवर बसतात. जाळी खालच्या खाचेत ठेवा, म्हणजे उंच पेल्यांची तोंडे वरच्या सळईने करपणार नाहीत. तापमान १७० अंश सेल्सिअस ठेवा. पेल्यांना तीस मिनिटांच्या आसपास लागतात, टिनला पस्तीस ते चाळीस. मध्यभागी विणायची सुई खुपसून पाहावी. ती कोरडी आली की झाले. दुसरा घाणा सबंधच दुसऱ्या १८ सेंटिमीटरच्या टिनमध्ये जाईल आणि तो थोडा उंच होईल. घरगुती ओटीजीच्या बटणावरचे आकडे फार विश्वासाचे नसतात. माझा पहिला ओटीजी १८० अंश दाखवत असताना आत दोनशेच्या वर गेलेला असे, हे मला दोन-तीनशे रुपयांचा थर्मामीटर आत टांगल्यावरच कळले.

हे भाजणे गुरुवारी रात्री करा. मे महिन्यात दुपारी स्वयंपाकघरात ओटीजी लावणे ही स्वतःला दिलेली शिक्षा आहे, आणि केकला रात्रभर विसावा हवाच असतो. पूर्ण गार झाल्यावर प्रत्येक तुकडा प्लॅस्टिकच्या पातळ कागदात घट्ट गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा. गार केक कापताना चुरा जवळजवळ पडत नाही. कोमट केकला सुरी लावण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. तो आवरावा.

शुक्रवारी सकाळी कापणी आणि मांडणी. पहिल्या चौकोनातून १८ बाय ७ सेंटिमीटरची एक पट्टी काढा, तो इंजिनाचा पाटा. उरलेल्या भागातून ७ बाय ५ सेंटिमीटरचे दोन तुकडे काढा. ते एकमेकांवर चिकटवून पाट्याच्या मागच्या टोकाला ठेवले की ड्रायव्हरची खोली उभी राहते. पेल्यांतल्या दोन्ही केकची फुगलेली डोकी सपाट कापा, दोन्ही एकमेकांना जोडून आडवे ठेवा आणि एकूण लांबी १३ सेंटिमीटर होईल एवढेच छाटा. हे पिंप उरलेल्या पाट्यावर बरोबर बसते. ते लोळू नये म्हणून खालच्या बाजूने, बोटाएवढ्या रुंदीचा, अगदी पातळ काप काढून तळ सपाट करा. दुसऱ्या चौकोनातून सात सेंटिमीटर रुंदीच्या दोन पट्ट्या काढून प्रत्येकीचे दोन भाग केले की ७ बाय ९ सेंटिमीटरचे चार डबे होतात. उरलेली चार सेंटिमीटरची पट्टी आणि सगळी छाटणी एका डब्यात झाकून ठेवा, तिचे काम पुढे आहे.

तुकडे एकमेकांना धरून ठेवतात ते गनाशने, म्हणजे गरम क्रीममध्ये विरघळवलेल्या चॉकलेटच्या दाट लेपाने, आणि उकाड्याचा खरा प्रश्न इथेच सोडवायचा असतो. लोणी आणि पिठीसाखरेचे क्रीम आपल्याकडे डिसेंबरात करावे. लोणी तिशी ओलांडताच मऊ होते आणि मे महिन्यात टेबलावर ठेवलेल्या केकवरून ते भिंतीवरच्या ओल्या गिलाव्यासारखे घसरते. टेट्रापॅकमध्ये मिळणाऱ्या २५ टक्के स्निग्धांशाच्या साध्या क्रीमला कितीही फेटले तरी ते उभे राहत नाही, कारण त्यासाठी स्निग्धांश निदान तीस टक्क्यांच्या वर लागतो. दरवर्षी कोणीतरी तीन-तीन पाकिटे फेटून मला फोन करते. बेकरीवाले वापरतात ते वनस्पती तेलाचे व्हिपिंग क्रीम उभे राहते आणि टिकतेही, पण टाळूला एक चिकट थर सोडून जाते आणि तीव्र उन्हाळ्यात तेही अर्ध्या तासाने ओघळू लागते. त्यापेक्षा घट्ट गनाश बरे. एरवी डार्क चॉकलेटच्या गनाशला दोन भाग चॉकलेट आणि एक भाग क्रीम पुरते. मे महिन्यात मी अडीच भाग चॉकलेट घेते: ५०० ग्रॅम डार्क कंपाउंडला २०० मिलिलिटर तेच टेट्रापॅकचे साधे क्रीम. कंपाउंडमध्ये कोको बटरऐवजी दुसरी वनस्पती चरबी असते, त्यामुळे चवीला ते खऱ्या चॉकलेटच्या खालचे आहे हे मान्य. पण खरे चॉकलेट चौतीस अंशांच्या आसपास वितळते, कंपाउंड त्याहून थोडा अधिक उकाडा सोसते, आणि बॉयलर उभा राहणे या दिवशी जास्त महत्त्वाचे आहे.

चॉकलेट बारीक चिरा. क्रीम कडेने बुडबुडे येईपर्यंतच तापवा, उकळू देऊ नका, आणि चॉकलेटवर ओतून तीन मिनिटे हात न लावता ठेवा. मग मधून कडेकडे, सावकाश, चमच्याने फिरवा. मिश्रण फाटून तेल सुटले तर घाबरू नका. चमचाभर कोमट दूध घालून पुन्हा फिरवले की ते बहुधा जुळून येते. गनाश मऊ तुपासारखे असताना तुकडे चिकटवा आणि सगळ्या गाडीला पातळ लेप द्या. भिंतीला रंगाचा पहिला हात देतात तसा हा पहिला हात आहे. त्याचे काम फक्त चुरा बांधून ठेवणे हे आहे, म्हणून तो डागाळलेला आणि विद्रूप दिसला तरी चालतो. तासभर फ्रिजमध्ये ठेवून तो घट्ट झाला की उरलेले गनाश श्रीखंडाइतके दाट होऊ द्या आणि दुसरा हात जाडसर द्या. सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून, एकदाच लांबवर ओढली तर पृष्ठभाग गुळगुळीत होतो. पुनःपुन्हा ओढत बसले तर खरखरीत होतो.

आधारासाठी जाड कागदी नळ्या वापरा: ड्रायव्हरच्या खोलीतून पाट्यापर्यंत दोन आणि बॉयलरमधून पाट्यापर्यंत दोन. दात कोरायच्या काड्या, तारा आणि टाचण्या लहान मुलाच्या केकमध्ये कोणत्याही कारणासाठी नकोत. हे मी शिकले ते एका हत्तीच्या केकवर. भाच्याच्या दुसऱ्या वाढदिवसाला हत्तीची सोंड पडू नये म्हणून मी तिच्यात पाच काड्या खुपसल्या, कापताना चार काढल्या आणि पाचवी सापडली ती माझ्या सासूबाईंच्या घासात. त्या काही बोलल्या नाहीत. काडी बशीच्या कडेला ठेवून त्यांनी उरलेला केक संपवला, आणि त्यांचे ते न बोलणे मला आजही आठवते. तेव्हापासून किती आधार घातले तो आकडा मी फळीच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवते आणि केक संपल्यावर तेवढे मोजून घेते. तुम्ही ‘४’ लिहा.

फॉन्डंटविषयी तुम्हाला धास्ती आहे, पण तो इथे लागतच नाही. आपल्या मे महिन्यातल्या कोरड्या हवेत तो लाटता लाटता तडकतो, पावसाळ्यात चिकट होतो आणि फ्रिजमधून बाहेर काढला की त्याला घाम फुटतो. शिवाय मुले तो सोलून बशीत ठेवतात. खिडक्यांसाठी आणि तीनच्या आकड्यासाठी बाजारातला तयार फॉन्डंट शंभर ग्रॅम पुरेल, तोही हवाच असेल तर. मात्र पाकिटावर हिरवी खूण पाहूनच घ्या. काही फॉन्डंटमध्ये आणि बहुतेक मार्शमेलोमध्ये जिलेटिन असते, आणि ते प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून काढतात. अंडे न चालणाऱ्या घरात केक काळजीने बिनअंड्याचा करून वर मार्शमेलोचा धूर सोडला जातो, हे मी अनेकदा पाहिले आहे. तयार स्विस रोल धुराड्यासाठी वापरायचा विचार असेल तर त्याचीही खूण पाहा.

चाकांना गोल क्रीमची चॉकलेट बिस्किटे वापरा, मागची मोठी आणि पुढची लहान. बिस्किट गनाशमधला ओलावा शोषून मऊ पडते आणि मग गळून पडते, म्हणून ज्या बाजूने ते चिकटणार त्या बाजूला वितळलेल्या कंपाउंडचा लेप देऊन वाळवा आणि चाके शनिवारी दुपारीच लावा. धुराडे म्हणजे अशीच चार लहान बिस्किटे एकावर एक. धुरासाठी मी बत्तासे वापरते. ते पांढरे, गुबगुबीत आणि हलके असतात, तोंडात घालताच विरघळतात, आणि तीन बत्तासे वितळलेल्या पांढऱ्या कंपाउंडने एकमेकांना चिकटवून धुराड्यावर बसवले की इंजिन निघाल्यासारखे दिसते. पॉपकॉर्नचा धूर फार सुंदर दिसतो, पण चार वर्षांखालच्या मुलांच्या घशात तो अडकण्याचा धोका असतो. सबंध शेंगदाणे, बदाम, सबंध द्राक्षे आणि कडक गोळ्यांचेही तसेच आहे. डब्यांत भरायला चुरमुरे, चॉकलेट बिस्किटाचा कोळशासारखा चुरा आणि हिरवट रंगवलेला खोबऱ्याचा कीस घ्या. चांदीचे चकचकीत कडक मणी दिसतात छान, पण लहान मुलांच्या दातांसाठी आणि घशासाठी ते चांगले नाहीत. चमकीच्या डबीवर ती खाण्याची असल्याचे स्पष्ट लिहिलेले नसेल तर ती घरात आणूच नका.

डबे रंगीत हवेत, एवढा हट्ट मुलाचा असणारच. त्यांना पांढऱ्या कंपाउंडचे गनाश द्या. ते मुळात मऊ असल्यामुळे त्याचे प्रमाण साडेतीनास एक ठेवावे लागते, म्हणजे ४०० ग्रॅमला ११५ मिलिलिटरच्या आसपास क्रीम. रंग जेलचा घ्या, पाण्यासारखा पातळ रंग गनाश सैल करतो. भारतात खाद्यपदार्थांत आठ कृत्रिम रंगांनाच परवानगी आहे. बाटलीवर रंगाचे नाव आणि परवाना क्रमांक छापलेला असतो. सुट्या पुडीत मिळणारा झगझगीत गुलाबी रंग घेऊ नका, कारण त्यात रोडामाइन-बीसारखा खाण्यास मनाई असलेला कापड रंगवायचा रंग असू शकतो. गडद लाल होईपर्यंत रंग घालत राहण्यापेक्षा फिकट गुलाबीवर थांबा. गनाश रात्रभरात आपोआप एक छटा गडद होते. बीटचा रस आटवून पाकासारखा केला तर एका डब्यापुरता सुरेख गुलाबी रंग येतो आणि चवही लागत नाही. हळद चिमटीच्या टोकाएवढीच घालावी.

चाळीस पाहुण्यांचे गणित सरळ आहे. एक किलो केक दहा ते बारा जणांना पुरतो. सबंध गाडी सजावटीसह सव्वादोन ते अडीच किलोंची होईल, म्हणजे पंचवीस जणांची सोय झाली. उरलेल्यांसाठी गाडी मोठी करू नका. ती मोठी झाली की खचते. दही आणि तेलाचा साधा चौकोनी केक वेगळा भाजा, त्यावर उरलेले गनाश पसरा आणि तो स्वयंपाकघरातच कापून बशा भरा. टेबलावर सेव-उसळ असताना केक कोणत्या डब्यातला आहे हे मोठ्या माणसांपैकी कोणीही विचारत नाही. निमंत्रण देतानाच कोणाच्या मुलाला दूध, गहू किंवा शेंगदाणे सोसत नाहीत का, एवढे मात्र विचारून घ्या.

शनिवारी केक साडेसहाला कापणार असाल तर गाडी सव्वासहाला बाहेर काढा. समारंभ गच्चीवर असला तरी केक खालच्या खोलीतच ठेवा. उन्हाने तापलेली गच्चीची फरशी संध्याकाळी सातलाही आग ओकते. क्रीम असलेला केक बत्तीस अंशांच्या वरच्या हवेत तासाभराहून अधिक बाहेर राहू देऊ नये, आणि हे फक्त दिसण्यासाठी नाही, पोटासाठीही आहे. दुसरा शत्रू मुंग्या. मे महिन्यात साखरेचा वास त्यांना आपल्याआधी लागतो. फळीपेक्षा मोठ्या परातीत बोटभर पाणी घ्या, तिच्यात दोन वाट्या उपड्या ठेवा आणि त्यांवर इंजिनाची फळी ठेवा. परात फुलापानांनी झाकली की ती कोणाच्या लक्षात येत नाही. पण टेबलावर कण्हेर मात्र ठेवू नका, ती विषारी असते आणि मुले पाकळ्या तोंडात घालतात.

औक्षण आधी पाटावर करून घ्या आणि निरांजन आत नेल्यावरच केक पुढे आणा. दोन ज्योती आणि उत्साही तीन वर्षांचे मूल एका टेबलापाशी नकोत. मेणबत्त्या फक्त शेवटच्या डब्यावर लावा. फुंकर घालताना मुलाची थुंकी उडते, आणि तो डबा मग त्याचा एकट्याचा; बाकीच्या गाडीला त्याचा स्पर्श होत नाही. ठिणग्या उडवणाऱ्या मेणबत्त्या या वयाच्या मुलाजवळ मी लावू देत नाही.

आणि सुरी इंजिनाला लावू नका. तीन वर्षांच्या बहुतेक मुलांना आपल्या इंजिनाचे दोन तुकडे झालेले सहन होत नाहीत, आणि फोटोत हसणारे मूल पुढच्या क्षणी भोकाड पसरते. कापण्यासाठी मधला एक डबा पुढे करा. इंजिन ‘डेपोत जाऊ दे’ असे सांगून फ्रिजमध्ये ठेवा आणि मुले खेळायला पांगली की आत ते कापून चारही नळ्या मोजून बाहेर काढा. उरलेला केक झाकून फ्रिजमध्ये दोन दिवस चांगला राहतो. शुक्रवारी झाकून ठेवलेली छाटणी रविवारी कुस्करून, भांड्याला चिकटलेल्या गनाशमध्ये मळून, खोबऱ्याच्या किसात घोळवली की तिचे वीसेक लाडू होतात. शेजारी पाठवायला ते पुरतात.